अकरा तोंडं

पहिल्यांदा ते पेट्रोल पंपावरच्या पोराच्या लक्षात आलं. त्र्यंबक रोडवरचा पंप, रविवारची सकाळ, मागे ही रांग, आणि त्याने टाकीचं झाकण फिरवलं तर असा फुस्सकन आवाज आला की पोरगं एक पाऊल मागेच सरकलं. "काका, टाकीत नाग पाळलाय का?" मागचा बाईकवाला हसला, मी पण हसलो, पैसे दिले, निघालो. मारुतीची जुनी जिप्सी म्हटल्यावर आवाज यायचेच, त्यात काय एवढं. जुन्या गाडीवाल्यांना हे स्वतःला सांगायची सवय लागते आणि ती सवय फार वाईट, कारण गाडी काहीतरी सांगत असते आणि आपण ते लाडाने सोडून देतो.

पंधरा दिवसांनी सप्तशृंगी गडावर निघालो होतो, मी, बायको, लेक आणि मेव्हणा. दिंडोरी मागे पडली, वणी यायची होती, आणि गाडीने मान टाकली. आधी पिकअप गेला, मग आचके, मग बंद. ऊन चांगलंच तापलेलं. सेल्फ मारतोय, इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. मेव्हण्याला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही (हे तो स्वतःच सांगतो), त्यामुळे त्याने मीटरच्या काट्यावर विश्वास न ठेवता पेट्रोल आहे की नाही बघायला थेट टाकीचं झाकणच उघडलं. फुस्स. पेट्रोल होतं. झाकण लावलं, मी सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात चालू. मेव्हणा म्हणाला देवीची कृपा. बायको म्हणाली हात जोडा. मी जोडले, पण डोक्यात तो पंपावरचा नाग वळवळायला लागला होता.

आता यात लाज वाटायची गोष्ट अशी की मी नळ्यांच्याच धंद्यात आहे. अंबड एमआयडीसीत रबर होज बनवणारी कंपनी, क्वालिटी डिपार्टमेंट, चौदा वर्षं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी, तेलात बुडवून किती फुगते, हे सगळं मोजण्यात माझा दिवस जातो. कोणी डोळे बांधून हातात नळी दिली तर ती एनबीआर रबराची आहे की ईपीडीएम रबराची हे मी बहुतेक वेळा वासावर आणि स्पर्शावर सांगेन. आणि त्या संध्याकाळी गडावरून परत येऊन पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं तेव्हा कळलं की माझ्या स्वतःच्या गाडीतली नळी कशाची आहे ते मला कळतंय, पण ती कुठून निघते, कुठे जाते आणि कशासाठी, ते अजिबात कळत नाहीये.

गाडी मी पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून घेतलेली. १९९८ चं मॉडेल. जिप्सी मुळात १९८५ साली आली तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ ला १.३ लिटरचं आलं पण कार्बोरेटरवालं, आणि २००० साली प्रदूषणाचे नवे नियम लागले त्या सुमारास कार्बोरेटर जाऊन १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय आलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारं. माझ्या गाडीचं अंग १९९८ चं आणि काळीज नंतरचं. आधीच्या मालकाने कार्बोरेटरवालं इंजिन काढून कुर्ल्याच्या जुन्या मालातून एमपीएफआय आणून बसवलेलं, आरसी बुकात नोंदही रीतसर केलेली, त्यामुळे पेठ रोडच्या आरटीओत नाव बदलताना काही त्रास झाला नाही. व्यवहाराच्या वेळी ते दादा म्हणाले होते, "इंजिन बदललंय, बाकी काही नाही." मला त्या 'बाकी काही नाही'चा अर्थ तेव्हा विचारायला सुचलं नाही.

कारण इंजिन बदलतात म्हणजे काय करतात? माउंटिंग, गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), टाकीतला पंप, सायलेन्सरचा पाईप. या मोठ्या गोष्टी जमल्या की गाडी चालू होते, आणि गाडी चालू झाली की पेढे. जुन्या इंजिनाशी बोलायला ज्या बारीक नळ्या बॉडीवर, इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावर, चाकाच्या कमानीला बांधलेल्या असतात त्या मात्र तशाच राहून जातात. त्यांचं एक टोक अजून कशाला तरी धरून असतं आणि दुसरं हवेत. आमच्या फ्लॅटमध्ये लँडलाईनची वायर अजून भिंतीतून निघते आणि सोफ्यामागे संपते, तसंच.

मी मोजली. अकरा तोंडं. काही उघडी, काहींत बोल्ट ठोकलेला, एकीच्या तोंडात चक्क बॉलपेनचं टोपण, एक नुसतीच दुमडून तारेने आवळलेली.

कंपनीत आमच्याकडे तीन रंगांचे टॅग असतात. हिरवा ओके, लाल रिजेक्ट, आणि पिवळा होल्ड. पिवळ्या टॅगचा सगळ्यांना राग. प्रॉडक्शनवाले म्हणतात तुम्हाला ठरवता येत नाही म्हणून होल्ड लावता, डिस्पॅचवाले म्हणतात ठेवायला जागा नाही. पण माझा चौदा वर्षांचा पगार बऱ्याच अंशी पिवळ्या टॅगचाच आहे. तर मी अकरा पिवळे टॅग घरी आणले (स्टोअरवाल्याला सांगून आणले, उगाच कोणी काही म्हणायला नको) आणि लेकीच्या अक्षरात १ ते ११ नंबर घालून एकेका तोंडाला बांधले. बॉनेटखाली वटपौर्णिमेचा वड झाला.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक पट्टी असते, थ्रॉटल. ॲक्सिलरेटर दाबलेला नसतो तेव्हा ती जवळजवळ मिटलेली, खालून पिस्टन हवा ओढतायत आणि वाट बंद, म्हणून मधल्या हवेच्या पाईपांत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, जोराची ओढ (व्हॅक्यूम) तयार होते. पाय दाबला, पट्टी उघडली, की ओढ कमी. म्हणजे इंजिनावर या क्षणाला किती बोजा आहे हे त्या ओढीवरून कळतं. गाडीत कॉम्प्युटर नव्हता तेव्हा ही ओढच निरोप्याचं काम करायची. एक नळी डिस्ट्रिब्युटरला, ठिणगी थोडी आधी टाक म्हणून. एक एसी लावल्यावर रेस वाढवायला. एक पाणी गरम झालं की उघडणाऱ्या व्हॉल्व्हला. एक जाडी नळी ब्रेकच्या बूस्टरला, तिच्यामुळेच आपल्याला ब्रेक लोण्यासारखा लागतो. एमपीएफआय आलं आणि यातली बरीच कामं वायरींनी घेतली. ओढ मोजायला एक सेन्सर बसला, तो ईसीयूला आकडा कळवतो, ठिणगी कधी टाकायची ते ईसीयू बघतं. बूस्टरची नळी तेवढी राहिली, आणखी दोन-चार राहिल्या, बाकीच्यांचं काम गेलं.

गंमत म्हणजे नाशिकच्या जुन्या मिस्त्र्यांना या बारीक नळ्यांचं फारसं प्रेम नाही, आणि त्याला कारण आहे. हे डिझेलचं गाव. सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनतात, तिकडेच बॉशच्या कारखान्यात डिझेलचे नोझल बनतात, आणि आपल्याकडचा मिस्त्री शिकला तो डिझेल जीपवर. जुन्या डिझेल इंजिनाला अशी थ्रॉटलची पट्टी नसायची, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढच नाही. ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो, तो पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. एक पंप, एक नळी, विषय संपला. त्या माणसापुढे पेट्रोलच्या या कोळ्याच्या जाळ्या ठेवल्या तर तो बोल्ट शोधणारच.

द्वारकेच्या बाजूला एक चाचा आहेत, सत्तरीचे, हात थरथरतात पण पाना धरला की थांबतात. मी त्यांच्याकडे गाडी नेली, टॅग बघून ते आधी पोटभर हसले. "साहेब, लग्न आहे का गाडीचं?" मग एकेक बघत गेले. मी विचारलं चाचा, हे बोल्ट कोणी आणि का मारले असतील? ते म्हणाले, "ज्यानं मारले त्याच्यापुढे गिऱ्हाईक उभं होतं. गिऱ्हाईक म्हणतं आवाज बंद करा. नळीत बोल्ट घातला की आवाज बंद. शोधत बसलो तर दिवस जातो, आणि संध्याकाळी तेच गिऱ्हाईक म्हणणार एवढ्याशा नळीचे एवढे पैसे? मी पण मारलेत. खोटं कशाला बोलू." चाचांची ही एक गोष्ट मला आवडते. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायच्या आधी ते स्वतःचे बोल्ट मोजतात.

त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या आणि म्हणाले बाकी घरी बसून कर, माझ्याकडे वेळ नाही आणि तुझ्याकडे दिसतोय.

पहिली, कान. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं इंजिनावरून फिरवत न्यायचं, डॉक्टर छातीवर फिरवतात तसं. पंखा आणि पट्ट्यापासून लांब, हे सांगायला नको. माझ्या गाडीची रेस कधी स्थिर नसायची, सिग्नलला उभी केली की १,८०० आरपीएमला चढायची, धपकन १,००० ला यायची, पुन्हा चढायची, शेजारच्या रिक्षावाल्याला वाटायचं मी त्याला शर्यतीला बोलावतोय. त्या नळीने मॅनिफोल्डच्या पाठीमागे, हात पोचणार नाही अशा जागी, सूंऽऽ ऐकू आलं. एका तोंडावर रबरी टोपी होती, वरून धडधाकट, खालून फाटलेली. इंजिन तिथून हवा खात होतं. थ्रॉटल मिटलेली आणि इंजिन पळतंय, हे बघून ईसीयू पेट्रोल तोडायचं, रेस पडली की परत सोडायचं, असा सगळा पाठशिवणीचा खेळ एका टोपीपायी. टोपीची किंमत चहाएवढी. आणि ती टोपी ईपीडीएमची होती, हे मला हातात घेतल्या घेतल्या कळलं, कारण पलीकडच्या टप्पेट कव्हरमधून तेल झिरपून ती फुगून मऊ पडली होती. ईपीडीएम उन्हाला, उष्णतेला दाद देत नाही पण तेल लागलं की गेलंच. हे मी नवीन पोरांना ट्रेनिंगमध्ये दर वर्षी सांगतो.

दुसरी गोष्ट, बोट. इंजिन चालू, स्लोवर, नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं, ओढ लागली तर जिवंत, नाही लागली तर मेलेली. रविवारी सकाळी मी आणि लेक बसलो. ती नववीत आहे, गाडीत तिला रस नाही पण टॅगवर टिकमार्क करण्यात फार. १, २, ३ झाले. ४ नंबर थ्रॉटल बॉडीवरून निघालेली छोटी नळी, तोंड उघडं. मी बोट ठेवलं. काही नाही. "मेलेली," मी म्हणालो आणि तिने फुली मारायला पेन उचललं. पण बोट काढायच्या आधी मी सहज तिला म्हटलं जरा आत बसून रेस दे, ओढ कशी बदलते ते मला ५ नंबरवर बघायचं होतं. आणि तिने पाय ठेवला तसं ४ नंबरनेच माझं बोट पकडलं. अगदी लहान बाळ पकडतं तसं. पाय सोडला, सुटलं. पुन्हा दिला, पुन्हा पकडलं. आम्ही हे चार-पाच वेळा केलं, नंतर नंतर उगाचच केलं.

यात जादू काही नाही. त्या नळीचं भोक थ्रॉटलच्या पट्टीच्या अलीकडे असतं, हवा येते त्या बाजूला, अगदी कडेला. पट्टी मिटलेली असते तेव्हा ओढ पट्टीच्या पलीकडे, भोक अलीकडे, त्यामुळे तिथे शांतता. पट्टी जरा उघडली की तिची कड भोकाला ओलांडून जाते आणि भोक ओढीच्या हद्दीत येतं. मुद्दामच तसं ठेवलेलं असतं, कारण काही कामं गाडी उभी असताना नकोतच, चालताना हवीत. मी एवढा शहाणा, उभ्या गाडीला प्रश्न विचारून फुली मारायला निघालो होतो.

मग ती ४ नंबर कोणाची? उत्तर सापडलं ते ९ नंबरमुळे. ९ नंबर म्हणजे मागून चासीच्या कडेने आलेला लोखंडी बारीक पाईप, त्यावर वीतभर रबर आणि त्यात हा एवढा बोल्ट, वर क्लिप, क्लिपवर एम-सील. ज्याने बंद केलं त्याने खरोखर मनापासून बंद केलं होतं. एम-सील फोडायला अर्धा तास गेला. बोल्ट निघाला तसा पुन्हा तोच आवाज. फुस्स.

नाग.

तो टाकीचा श्वासाचा पाईप होता. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी जागा भरायला आत हवा यावी लागते, आणि उन्हात टाकी तापली की पेट्रोलची वाफ बाहेर पडावी लागते. ही वाफ थेट हवेत सोडत नाहीत, कोळशाच्या डब्यात नेतात, कॅनिस्टर म्हणतात त्याला. कोळसा ती धरून ठेवतो, आणि गाडी चालायला लागली की इंजिन ती डब्यातून ओढून घेऊन जाळतं. कुठल्या नळीने ओढतं? ४ नंबरने. इंजिन बदलताना कोणीतरी कोळशाचा डबा काढला (ब्रॅकेट अजून जागेवर होतं, रिकामं), टाकीकडून येणाऱ्या पाईपमधून पेट्रोलचा वास येतो म्हणून त्यात बोल्ट मारला, आणि थ्रॉटलकडची नळी ओढत नाही म्हणून उघडीच सोडली. एकाच कामाची दोन टोकं, एक चुकीचं बंद, दुसरं चुकीचं उघडं. त्यात कधीतरी टाकीचं मूळचं झाकण हरवून साधं लोकल झाकण बसलेलं. कंपनीच्या झाकणात हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, या झाकणाला तो नव्हता. मग टाकी श्वास घेणार कुठून? तीस-चाळीस किलोमीटर गाडी पेट्रोल पीत जायची, टाकीत ओढ साठत जायची, आणि शेवटी पंपाची आणि टाकीची रस्सीखेच होऊन पंप हरायचा. मेव्हण्याने झाकण उघडलं, टाकीने श्वास घेतला. देवीने कृपा केली यात वाद नाही, फक्त पद्धत अशी होती.

डबा आणि मधला व्हॉल्व्ह जुन्या मालात मिळाला. तो व्हॉल्व्ह ईसीयूच्या हुकमाने उघडतो, आणि त्याचा वायरचा प्लग माझ्या गाडीच्या वायरिंगमध्ये चिकटपट्टीत गुंडाळून पडलेला होता, जसाच्या तसा. इतकी वर्षं ईसीयू बिचारं उघड, मीट, उघड, मीट असे निरोप पाठवत असणार, ऐकायला कोणी नाही.

बाकीच्या नळ्यांची कथा एवढी मोठी नाही. बूस्टरची नळी ठीक निघाली, इंजिन बंद करून चार-पाच वेळा ब्रेक दाबायचा, मग दाबून ठेवून चालू करायचं, पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर जिवंत. गेलं. चार तोंडं जुन्या डिस्ट्रिब्युटरची आणि एसीच्या रेसची, त्यांचं दुसरं टोकही कशाला धरून नव्हतं, ती काढून टाकली, लाल टॅग. एक इंजिनाच्या श्वासाची, तिचं क्लॅम्पच नव्हतं.

७ नंबरबद्दल मात्र सांगायलाच हवं. ती सलाईनची नळी होती. खरंच सांगतो, दवाखान्यातली. पेट्रोलचं प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरपासून मॅनिफोल्डपर्यंत कोणीतरी ती लावलेली, पिवळी पडून कडक झालेली, एका जागी चपटी. व्हॅक्यूमच्या नळीची भिंत जाड असते ती उगाच नाही, आतून ओढ असते म्हणून बाहेरची हवा तिला दाबत असते, पातळ भिंत पिचकते. त्यात ही पीव्हीसी, गरम झाली की मऊ. गार गाडीत सगळं छान, आणि घाट चढताना, इंजिन तापल्यावर, नळी आतून चिकटायची, रेग्युलेटरला वाटायचं अजून स्लोवरच आहोत, पेट्रोलचं प्रेशर वाढायचं नाही आणि पिकअप गुल. सकाळी मिस्त्रीकडे नेली की "काही नाही साहेब, मस्त चालतेय". मी ती नळी कंपनीत नेऊन टेबलावर ठेवलीय. नवीन पोरांना दाखवतो. मला लावणाऱ्याचा राग येत नाही, हे जरा विचित्र आहे. रात्री, रस्त्यात, जवळपास फक्त मेडिकलचं दुकान उघडं, असं काहीतरी झालं असणार. त्याने गाडी घरी पोचवली. चूक त्याच्या पुढच्या सकाळी झाली, जेव्हा ती बदलायची राहिली.

सगळं जोडून झाल्यावर मी ऑनलाईन ही ओढ मोजणारं एक व्हॅक्यूम गेज मागवलं, डायलवालं. काटा स्थिर, पण आकडा साडेसोळा इंच, आणि डायलवर हिरवा पट्टा १७ पासून पुढे. चाचा म्हणाले इंजिन थोडं थकलंय. मी दोन दिवस उदास. मग रात्री अचानक डोक्यात आलं की हा पट्टा समुद्रसपाटीचा असणार. उंचीवर हवाच विरळ, तिचा दाब कमी, दर हजार फुटांना पाऱ्याचा साधारण एक इंच. नाशिक एकोणीसशे फुटांच्या आसपास. म्हणजे दोन इंच इथेच वजा, साडेसोळा म्हणजे मुंबईचे साडेअठरा! बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, बरं.

पण पटवून घ्यायचं होतं. १६४८ साली पास्कलने हेच केलं होतं, फ्रान्समधल्या एका डोंगरावर पाऱ्याची नळी पाठवली, वर पारा तीनेक इंच उतरला. स्वतः नाही गेला तो, बहिणीच्या नवऱ्याला चढवलं. मलाही मेव्हणा आहेच. गेजची नळी खिडकीतून आत घेऊन त्याच्या मांडीवर डायल ठेवला आणि इगतपुरीमार्गे कसारा घाट उतरलो, तीनशे मीटरच्या आसपास खाली. पायथ्याला टपरीशी गाडी स्लोवर उभी केली. काटा साडेसतरा, किंचित वरच. मेव्हणा म्हणाला, "म्हणजे इंजिन सुधारलं?" मी म्हणालो, नाही, हवा सुधारली. चहा घेतला, परत वर आलो. नाशिकला पुन्हा साडेसोळा. येऊन-जाऊन पेट्रोल किती गेलं ते मी घरी सांगितलेलं नाही.

आता राहिली ११ नंबर.

ती पडद्यातल्या ग्रोमेटमधून, म्हणजे भोकातल्या रबरी कडीतून, केबिनच्या आत जात होती, एवढंच दिसत होतं. इंजिनकडचं तोंड म्हणजे तेच बॉलपेनचं टोपण. आत काय असेल? एसीच्या झडपा ओढीवर चालतात काही गाड्यांत, पण जिप्सीत तसलं काही नाही. फुंकर मारली, लेकीने आतून ऐकलं, डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी फूऽऽ. टॉर्च घेऊन मी उताणा पडलो, मान वाकडी करून बघितलं. नळी छान क्लिपांत बसवत आणलेली होती, कुठे घासू नये म्हणून एका जागी कापडाची पट्टीसुद्धा गुंडाळलेली. अख्ख्या गाडीतलं सगळ्यात नीट काम. आणि शेवटी ब्लेडने सरळ कापलेली, डॅशबोर्डवर वणीच्या देवीचा गोल फोटो आहे बरोबर त्याच्या मागे.

फोटो गाडीबरोबरच आलेला. रोज त्याला हात लावून मी सेल्फ मारतो. बायकोला विचारून, हात धुऊन, जपून काढला. मागे गोल भोक, कडा कानस मारून गुळगुळीत. व्हर्निअर लावला. ५२ मिलिमीटर. बाजारात गेज मिळतात ते याच मापाचे, माझंही ५२ चंच होतं.

पिंपळगावला फोन लावला. द्राक्षाची छाटणी चालू होती, मागे मजुरांचा आवाज.

"दादा, डॅशबोर्डला पूर्वी काही मीटर होतं का?"

"अहो, ते होय! धाकट्या भावानं बसवलेलं, पार मुंबईहून आणून. काटा वर असला की गाडी पेट्रोल कमी खाते, खाली आला की जास्त. आमचे तात्या शेजारी बसायचे ना, त्यांची नजर रस्त्यावर नाही, त्या काट्यावर. काटा पडला की लगेच, पाय काढ रे, पाय काढ, पितेय बघ."

"मग काढलं का?"

"इंजिन बदललं तेव्हा मिस्त्रीनं ती नळी काही जोडली नाही, का त्याला जागा सापडली नाही, देव जाणे. काटा गेला शून्यावर. तात्या रोज बसले की विचारायचे, काटा का पडलाय, गाडी चालू आहे ना रे? चालत्या गाडीत! किती वेळा समजावणार. शेवटी मीटर काढूनच टाकलं. भोक वाईट दिसायला लागलं म्हणून आईनं वणीहून फोटो आणला तो लावला."

"मग तात्या काय म्हणाले?"

"काही नाही. बसले की त्याच्याकडे बघून हात जोडायचे. पण पाय काढ रे, हे चालूच." दादा हसले. मीटर कुठे आहे म्हणून विचारलं तर म्हणाले असेल शेडात क्रेटच्या मागे कुठेतरी, बघतो, या एकदा मार्चमध्ये, द्राक्षं घेऊन जा.

माझं गेज ग्लोव्ह बॉक्समध्ये गेलं. फोटो होता तिथे परत लावला. ११ नंबरच्या तोंडातून बॉलपेनचं टोपण काढलं, आमच्याच कंपनीची नवी टोपी बसवली, तेलाला दाद न देणारी, आणि नळी तशीच ठेवली. लेक टॅग घेऊन उभी होती, आता यावर काय लिहू म्हणून. मी सांगितलं ते तिने लिहिलं, तिच्या गोल अक्षरात: तात्यांचं मीटर. टॅग पिवळाच.